सरासरीने पोट भरत नाही



जिल्ह्याच्या बैठकीला माणसे जमू लागली की भाषणे सुरू होण्याआधी मांडवाच्या कडेला जी बोलणी चालतात, ती आम्ही मुद्दाम कान देऊन ऐकतो. व्यासपीठावर जे बोलले जाते त्यापेक्षा तिथे जास्त कळते. गेल्या काही बैठकांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळाला. "देश म्हणे जगातल्या पहिल्या पाच मोठ्या अर्थव्यवस्थांत जाऊन बसला. मग उलंगवाडी झाली तरी आपली कृषी केंद्राची उधारी का फिटत नाही?"

प्रश्न भाबडा नाही. विचारणाऱ्याला देशाचे वाईट वाटत नाही, उलट अभिमानच आहे. त्याला एवढेच कळत नाही की मोठा झालेला हा देश आपल्या गावाच्या वाटेवर नेमका कुठे अडला. याचे उत्तर देण्याचा प्रयत्न आम्ही या अंकात करीत आहोत. उत्तर एका शब्दात सांगता येते. तो शब्द आहे 'सरासरी'.

एका हिशेबनिसाची जुनी गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली आहे. बायकापोरांना घेऊन तो नदी ओलांडायला निघाला. चार ठिकाणी पाणी मोजले, बेरीज केली, चाराने भागले. सरासरी खोली कमरेएवढी निघाली, म्हणून सगळ्यांना घेऊन उतरला. मधल्या डोहात कुटुंब गेले. काठावर बसून त्याने पुन्हा हिशेब केला, तर तो बरोबरच होता. आपल्या देशाचे कारभारी असेच चार ठिकाणी पाणी मोजून हिशेब करतात. त्यांचा हिशेब चुकत नाही. डोहात मात्र दर वेळी कोरडवाहू शेतकरी असतो.

देशाचा हिशेब

आधी देशाची मोजदाद पाहू. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीप्रमाणे देशात काम करणाऱ्या १०० माणसांपैकी ४६ माणसे शेतीवर आहेत. देशाच्या उत्पन्नातला शेतीचा वाटा मात्र १८ टक्क्यांच्या आसपास आहे. जवळजवळ निम्मे हात एक पंचमांशाहूनही कमी ताटावर जेवतात. याच पाहणीत २०१८-१९ साली शेतीवरचा आकडा साडेबेचाळीस होता. म्हणजे मधल्या वर्षांत माणसे शेतीतून बाहेर पडायच्या ऐवजी शेतीत परत आली. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून, सुरतेहून पोरे गाठोडी घेऊन परतली, ती सगळीच्या सगळी पुन्हा गेली नाहीत. त्यांना शेतीने बोलावले नव्हते. शहराने काढून दिले, म्हणून ती आली.

आता घराच्या आत जाऊ. २०१८-१९ सालासाठी राष्ट्रीय नमुना पाहणीने शेतकरी कुटुंबांची मिळकत मोजली. देशाची सरासरी निघाली महिन्याला १०,२१८ रुपये. त्यात पिकातून आले ३,७९८ रुपये आणि मजुरी-पगारातून आले ४,०६३ रुपये. बाकीचे जनावरांतून, किरकोळ धंद्यातून आणि जमिनीच्या खंडातून. म्हणजे ज्याला सरकार 'शेतकरी कुटुंब' म्हणते, त्याच्या घरात पिकापेक्षा दुसऱ्याच्या दारी केलेल्या कामाचे पैसे जास्त येतात. याच पाहणीत निम्मी कुटुंबे कर्जात निघाली आणि दर कुटुंबामागे सरासरी कर्ज ७४,१२१ रुपये निघाले.

पण १०,२१८ रुपयांचे कुटुंब या देशात शोधायला गेलात तर ते सापडणे अवघड आहे. पंजाबात हा आकडा २६,७०१ होता, झारखंडात ४,८९५, ओडिशात ५,११२. एकाच देशातला एक शेतकरी दुसऱ्याच्या पाचपट. महाराष्ट्राचा आकडा ११,४९२. तो पाहून मंत्रालयात कोणी म्हणेल, आपण देशाच्या थोडे वरच आहोत. परंतु या ११,४९२ मध्ये कोल्हापूरचा पाटाच्या पाण्यावरचा ऊस आहे, नाशिकची द्राक्षे आहेत, आणि झरी-जामणीच्या माळावरची पऱ्हाटीही आहे. ऊसवाल्याचे आणि पऱ्हाटीवाल्याचे एकत्र वजन करून दोनाने भागले, म्हणून पऱ्हाटीवाल्याच्या कणगीत काही पडत नाही.

शरद जोशी 'इंडिया' आणि 'भारत' असा भेद सांगत, तेव्हा ते पोशिंद्याची लूट कुठून कुठे जाते ते दाखवत होते. तो भेद आजही खोटा ठरलेला नाही. मात्र आता आपल्याला आणखी एक पायरी खाली उतरावे लागेल. भारताच्या आतही एक ओलिताचा भारत आहे आणि एक कोरडवाहू भारत आहे. शेतीची धोरणे जेव्हा होतात तेव्हा पहिल्याचा चेहरा समोर ठेवून होतात. दुसऱ्याला त्याच मापाचा सदरा दिला जातो आणि तो बसला नाही की दोष त्याच्या अंगाला लावतात.

दीडपटीचे गणित

आपल्या जिव्हाळ्याच्या विषयावर येऊ. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाची किमान आधारभूत किंमत ७,७१० रुपये आणि लांब धाग्याची ८,११० रुपये जाहीर झाली. मध्यम धाग्याचा उत्पादन खर्च सरकारने धरला ५,१४० रुपये क्विंटल. त्याची दीडपट ७,७१०. कागदावर हिशेब बिनचूक आहे.

हा ५,१४० आला कुठून? कृषिमूल्य आयोग राज्याराज्यांचा खर्च घेतो आणि त्याची सरासरी काढतो. ज्या राज्यात माल जास्त, त्या राज्याचे वजन जास्त. खर्चात रोख खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी धरली जाते. जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज या दीडपटीत धरलेले नाही. ते धरून दीडपट द्यावी, अशी मागणी स्वामिनाथन आयोगाच्या नावाने देशभर झाली. २०१८ च्या अंदाजपत्रकात सरकारने 'दीडपट दिली' असे जाहीर केले, ती दीडपट धाकट्या खर्चाची होती.

पण आमचा आजचा मुद्दा त्याही पलीकडचा आहे. मोठा खर्च धरला तरी तो सरासरीचाच राहणार. हे एका सोप्या उदाहरणाने पाहू. समजा दोन शेतकरी आहेत. एकाकडे पाणी आहे, दुसऱ्याकडे नाही. हिशेब सोपा राहावा म्हणून दोघांचाही एकरी खर्च ३०,००० रुपये धरू. पाणीवाल्याला एकरी ८ क्विंटल कापूस झाला, कोरडवाहूला ४ क्विंटल. दोघांचा मिळून खर्च ६०,०००, कापूस १२ क्विंटल. सरासरी खर्च पडला क्विंटलला ५,००० रुपये. सरकारने दीडपट दिली, ७,५०० रुपये. आता पाणीवाल्याच्या ८ क्विंटलचे झाले ६०,००० रुपये. लावले त्याच्या दुप्पट मिळाले. कोरडवाहूच्या ४ क्विंटलचे झाले ३०,००० रुपये. जेवढे घातले तेवढेच हाती आले, वरती एक पैसा नाही. दोघांनाही दीडपट भाव मिळाला असे सरकार म्हणणार, आणि सरकार खोटे बोलत नसणार!

महाराष्ट्रातल्या कापसाची शेकडा ९० हून जास्त जमीन पावसाच्या भरवशावर आहे, आणि राज्याचा हेक्टरी उतारा देशाच्या सरासरीच्या खाली राहत आला आहे. म्हणजे वरच्या उदाहरणातला दुसरा शेतकरी आपणच. कोणी म्हणेल, उतारा वाढवा, मग भाव परवडेल. उतारा वाढवण्याचा उपदेश आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. २००२ साली बीटी बियाण्याला परवानगी मिळाली, शेतकऱ्याने ते हिरिरीने घेतले, काही वर्षे बोंडअळी थांबली आणि माल वाढला, हे खरे आहे. पुढे गुलाबी बोंडअळीने त्याला दाद देणे सोडले. २०१७ च्या हंगामात तिने शेते खाल्ली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. त्यात शेतकरी होते, तसे रोजाने पंप पाठीवर घेणारे मजूरही होते. बियाणे शेतकऱ्याने घेतले, औषध घेतले, खत घेतले. पाऊस मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही.

बरे, हा जाहीर भाव तरी सगळ्यांच्या पदरात पडतो का? सरकारी खरेदीत ८ टक्के ओलावा हे माप आहे. त्याच्यावर गेला की कपात, १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. दसऱ्या-दिवाळीला पहिली वेचणी येते तेव्हा कापूस ओला असतो आणि घरात पैशाची निकड असते. ज्याच्याकडे साठवायला जागा आणि थांबायला दम आहे, तो डिसेंबर-जानेवारीत वाळवून केंद्रावर नेतो. ज्याच्याकडे दोन्ही नाही, तो गावातच खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर घालतो. आधारभूत किंमत गरिबासाठी आहे असे म्हणतात, पण तिचा फायदा घ्यायला आधी थोडे श्रीमंत असावे लागते.

चढत्या भावाला वेसण

भाव पडतो तेव्हा आम्हाला सांगतात, हा बाजार आहे, त्याला सरकार काय करणार? आणि भाव चढतो तेव्हा? तेव्हा बाजाराची आठवण कोणालाच राहत नाही. महाराष्ट्राने १९७१ साली एकाधिकार कापूस खरेदीचा कायदा केला आणि १९७२ पासून शेतकऱ्याला आपलाच कापूस राज्याबाहेर नेऊन विकणे गुन्हा झाला. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी सीमेवर गाड्या अडवल्या जात. चुकाऱ्यासाठी महिनोन् महिने हेलपाटे घातलेली माणसे अजून गावोगाव आहेत. २००२ साली खासगी खरेदीला वाट मोकळी झाली, तेव्हा तीस वर्षे उलटून गेली होती.

मग वेसण दिल्लीच्या हातात गेली. एप्रिल २०१० मध्ये कापसाची निर्यात थांबवली. मार्च २०१२ मध्ये पुन्हा बंदी घातली, ओरड झाल्यावर काही दिवसांत उठवली, पण तेवढ्यात बाजाराला जे समजायचे ते समजले. २०२१ च्या अंदाजपत्रकात आयात कापसावर शुल्क बसले, सगळे मिळून ११ टक्के. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला १०,००० च्या वर गेला. कित्येक वर्षांनी शेतकऱ्याच्या तोंडावर हसू दिसले. एप्रिल २०२२ मध्ये आयात शुल्क काढून टाकले.

२०२५ सालीही तेच झाले. अमेरिकेने आपल्या मालावर २७ ऑगस्टपासून ५० टक्के कर लावला आणि कापड गिरण्यांचे व कपडे शिवणाऱ्या कारखान्यांचे धाबे दणाणले. सरकारने १९ ऑगस्टपासून बाहेरच्या कापसावरचे शुल्क काढले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, नंतर ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आमच्या पऱ्हाटीला बोंडे धरली होती तेव्हापासून बहुतेक वेचण्या घरात येईपर्यंत बाहेरच्या कापसाला दार उघडे.

इथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. तिरुप्पूरच्या कारखान्यात बसून बनियन शिवणारी बाई आमची वैरीण नाही. तीही कुठल्या तरी कोरडवाहू गावातून गेलेली असेल. तिचे काम टिकावे अशी आमचीही इच्छा आहे. एवढ्या मोठ्या आणि परोपरीच्या देशात एकाच्या पोटाला दुसऱ्याचे पोट लागलेले असते, हे आम्हाला कळते. आमचा प्रश्न इतकाच आहे की अमेरिकेने मारलेल्या तडाख्याची भरपाई कापूस पिकवणाऱ्याच्याच खिशातून का? सरकारला गिरणीला मदत करायची होती, तर ती तिजोरीतून करता आली असती. तिजोरीतून दिलेले पैसे अंदाजपत्रकात दिसतात, त्यावर लोकसभेत चर्चा होते. शेतकऱ्याच्या भावातून काढलेले पैसे कुठल्याच वहीत दिसत नाहीत, म्हणून ते सोपे वाटतात.

आणि बाहेरचा कापूस स्वस्त कशाने असतो? अमेरिका आपल्या कापूस शेतकऱ्याला जे अनुदान देते, त्याविरुद्ध ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि जिंकला. शेवटी २०१४ साली ३० कोटी डॉलर ब्राझीलच्या पदरात टाकून अमेरिकेने तो मिटवला. ब्राझीलही विकसनशील देशच आहे. पण त्याने आपल्या कापूसवाल्याची फिर्याद जगाच्या दरबारात नेली. आमची फिर्याद अजून तालुक्याच्या कचेरीत आवक-जावक होते आहे.

ज्वारीची गोष्ट

कापूस हे पैशाचे पीक. ज्वारी हे पोटाचे आणि दावणीचे. १९७०-७१ च्या सुमारास देशात पावणेदोन कोटी हेक्टरांच्या आसपास ज्वारी होती. अलीकडच्या वर्षांत ती ५० लाख हेक्टरांच्या खाली आली आहे. ज्वारी शेतकऱ्याने टाकली असे म्हणतात. आम्ही म्हणतो, ती त्याच्या हातून सोडवून घेतली. रेशनवर गहू-तांदूळ आला, तो गरिबाला मिळाला याचा आम्हाला आनंद आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य १ रुपया किलोने देण्याची तरतूद होती. पण सरकारी खरेदीची यंत्रणा गव्हा-भाताच्या मुलखात उभी राहिली, आणि ज्वारीच्या मुलखात ज्वारी पिकवणाराच रेशनच्या रांगेत तांदळासाठी उभा राहिला. ऐन काढणीला पाऊस येऊन खरिपाची ज्वारी काळी पडली की व्यापारी तिला गुरांची म्हणून मागतो.

२०२३ हे साल जगभर भरड धान्याचे वर्ष म्हणून साजरे झाले. शहरातल्या दुकानांत ज्वारीची बिस्किटे आली. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा आधारभूत भाव ३,६९९ आणि मालदांडीचा ३,७४९ जाहीर झाला. भाव वाढवला हे चांगलेच झाले. पण भाव जाहीर करणे एक आणि आपल्या बाजारात त्या भावाने काटा लावणे दुसरे. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी दावण मोकळी झाली, दावण मोकळी झाली तसे शेणखत गेले आणि नांगरटीला ट्रॅक्टरचे भाडे आले. एक पीक तुटले म्हणजे घरातली चार कामे तुटतात. सरकारी तक्त्यात ज्वारीच्या रकान्यात फक्त दाणे मोजतात.

विमा, पैसेवारी, माफी

सरासरी आपल्या मागे आणखी कुठे कुठे लागते ते पाहा. पाऊस सरासरीइतका झाला असे वेधशाळा सांगते. पेरणीनंतर वीस दिवस थेंब नाही आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस, याचीही बेरीज सरासरीच भरते. पैसेवारी गावाची निघते. ५० पैशांच्या वर गेली की ज्याच्या माळावर काहीच उगवले नाही त्यालाही दुष्काळ नाही.

२०१६ पासूनचा पीक विमा घ्या. कापसाला शेतकऱ्याचा हप्ता ५ टक्के. नुकसान मोजायचे ते तुमच्या शेताचे मोजत नाहीत, महसूल मंडळाचे मोजतात. कापणी प्रयोगाचे प्लॉट ज्यांच्या शेतात पडले त्यांचा उतारा सगळ्यांचा उतारा. तो कशाशी ताडून पाहायचा? मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घेऊन सरासरी काढायची आणि तिचा ठराविक हिस्सा धरायचा. म्हणजे ज्या मंडळाने सातांत चार वर्षे मार खाल्ला, त्याची मर्यादा आपोआप खाली येते. जितका जास्त मार, तितका कमी विमा! असा विमा दुकानदाराने आपल्या दुकानाचा कधी उतरवला असता का?

कर्जमाफीचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. २००८ साली केंद्राने देशभर कर्जमाफी दिली. पूर्ण माफी कोणाला? दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला. त्याच्यावरच्याला पाऊण रक्कम भरली तर पाव माफ, आणि निवडक जिल्ह्यांत पाव किंवा २०,००० रुपये, जे जास्त असेल ते. पाटाच्या पाण्यावर दोन हेक्टर ऊस असणारा छोटा ठरला आणि तीन हेक्टर मुरमाड माळ कसणारा मोठा ठरला. आता महाराष्ट्राचा कमाल जमीनधारणेचा कायदा पाहा. त्यात बारमाही ओलिताची मर्यादा १८ एकर आणि कोरडवाहूची ५४ एकर आहे. म्हणजे जमीन काढून घ्यायची होती तेव्हा कायद्याला पक्के ठाऊक होते की ओलिताचा एक एकर म्हणजे कोरडवाहूचे तीन एकर. द्यायची वेळ आली तेव्हा हे त्रैराशिक सगळे विसरले.

सरासरी प्रामाणिकपणे वापरली तर ती आपल्या बाजूनेही बोलते, हेही सांगायला हवे. १९८४ साली वि. म. दांडेकर समितीने जिल्ह्याजिल्ह्यांचा अनुशेष काढला. राज्याची सरासरी घेतली आणि कोण तिच्या किती खाली आहे ते मोजले. ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष निघाला. त्याच मागणीच्या रेट्यातून १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली, आणि एप्रिल २०२० अखेर त्यांची मुदत संपली. जो आकडा झाकायला वापरतात तोच उघडे पाडायलाही वापरता येतो. कोण मोजतो आणि कशासाठी मोजतो, एवढाच फरक.

आपल्या घरातली सरासरी

आता आपल्या बाजूचे बोलू, कारण दुसऱ्याचे उणे काढताना आपले झाकणे ही आपल्या चळवळीची रीत नव्हे.

आपण 'शेतकरी' म्हणतो तेव्हा आपणही सरासरीच काढत असतो. २००१ च्या जनगणनेत देशात पावणेतेरा कोटींच्या आसपास शेतकरी आणि पावणेअकरा कोटींच्या आसपास शेतमजूर होते. २०११ मध्ये शेतकरी बारा कोटींच्या आत आले आणि मजूर साडेचौदा कोटींच्या जवळ गेले. दहा वर्षांत पारडे फिरले. १९७०-७१ साली देशातली सरासरी जोत २.२८ हेक्टर होती, २०१५-१६ ला ती १.०८ वर आली. कालच्या शेतकऱ्याचा मुलगा आजचा मजूर आहे. २०२२ साली देशात शेतीवरच्या ११,२९० माणसांनी जीव दिला, अशी सरकारी नोंद आहे. त्यात शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. आपण पहिल्यांसाठी मोर्चे काढले, ते योग्यच केले. दुसऱ्यांची नावे आपल्या फलकावर आली का?

तीच गोष्ट मायबहिणींची. निंदण तिचे, वेचणी तिची, सरकीचे बी टोबायला वाकलेली पाठ तिची. देशातल्या १०० जोतांपैकी बाईच्या नावावर १४ च्या आसपास. सातबारावर नाव नाही म्हणून तिला पीककर्ज नाही, विमा नाही. नवरा गेला की कागद बदलायलाच वर्ष जाते, आणि सावकार वर्षभर थांबत नाही. घराचा हिशेब करताना आपण बैलाची वैरण धरतो, तिचा दिवस धरत नाही. मग दिल्लीने आपला माळ धरला नाही, म्हणून कोणत्या तोंडाने बोलायचे?

वही घेऊन या

म्हणून या वेळी आम्ही ठराव मागत नाही, हिशेब मागतो. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी. गावातली दहा घरे निवडा. त्यात कोरडवाहू कापूसवाला असावा, विहिरीवाला असावा, दुसऱ्याची जमीन बटईने करणारा असावा, एखादे घर बाईच्या जिवावर चालणारे असावे आणि किमान दोन घरे भूमिहीन मजुराची असावीत. नावे लिहू नका, घराला आकडा द्या. प्रत्येक घराचे एका हंगामाचे लिहा. पेरा किती, पाणी आहे की नाही. बियाणे, खत, औषध, मशागत, निंदण, वेचणी, गाडीभाडे याला रोख किती गेले. घरच्या माणसांचे दिवस किती, त्यात बायांचे किती. माल किती झाला, कोणाला घातला, काय भावाने, कपात किती, चुकारा कधी मिळाला. ज्वारीचे दाणे आणि कडबा घरी किती राहिला. कर्ज कोणाचे, व्याज काय. मजुराच्या घरी काम किती दिवस मिळाले आणि हातात काय पडले.

शाळेत शिकणारी पोरे हे लिहू शकतात. एका रविवारचे काम आहे. पण जिल्ह्याच्या शंभर गावांच्या वह्या एका टेबलावर आल्या, तर कृषिमूल्य आयोगाच्या सरासरीसमोर ठेवायला आपल्याजवळ आपला आकडा असेल.

त्या वह्यांच्या जोरावर पाच गोष्टी मागता येतील. कोरडवाहूचा उत्पादन खर्च वेगळा काढून जाहीर करावा आणि फरक शेतकऱ्याच्या खात्यात द्यावा. कापसाच्या आयात-निर्यातीचे धोरण पेरणीच्या आधी जाहीर करावे आणि माल घरात येईपर्यंत त्याला हात लावू नये. विम्याची मोजणी गावाची व्हावी आणि आपत्तीची वर्षे सरासरीतून वगळावीत. कर्जमाफी असो की कुठलीही मदत, कमाल जमीनधारणा कायद्यातले एकास तीनचे माप तिथेही लावावे. आणि ज्या जिल्ह्यात ज्वारी पिकते, त्या जिल्ह्याच्या रेशनसाठी ती तिथेच आधारभूत भावाने घ्यावी.

आपल्यात कोणी खुल्या बाजाराचा आग्रह धरणारे आहेत, कोणी सरकारी खरेदीचा. तो वाद आपण पुढेही घालू, मनमोकळा घालू. पण बाजारात उभे राहायचे असो की सरकारच्या दारात, आपला खर्च आपल्याला ठाऊक नसेल तर दोन्हीकडे दुसऱ्याच्याच काट्यावर तोलले जाणार.

देश मोठा आहे, नाना परींचा आहे. पंजाबचा गहू त्याचा, केरळचे रबर त्याचे, तिरुप्पूरची शिलाई त्याची आणि आपली पऱ्हाटीही त्याचीच. कोणाचे काढून आपल्याला द्या असे आम्ही म्हणत नाही. नदी ओलांडायची तर आमच्या वाटेवरचे पाणी आमच्या वाटेवर मोजा, एवढेच म्हणतो. ते मोजायला दुसरे कोणी येणार नाही.

वह्या घेऊन या. बैठकीत भाषणे कमी करू आणि त्या वाचून दाखवू.

— संपादक मंडळ